टाळेबंदीतल्या छोट्या फेऱ्या : आपण कुठवर जाऊन आलात?

जुळेसोलापूरकर | ७ जून २०२०, सकाळी ८:१०

सर्वांना नमस्कार. यंदाचा पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभराची टाळेबंदी सुरू झाली. राज्यात संचारबंदी तर दोन दिवस आधीच लागली होती. गुढी उभारताना दाराबाहेरचा रस्ता इतका मोकळा मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून २ जूनपर्यंत सत्तर दिवस झाले. या सत्तर दिवसांत मी घरापासून सर्वांत लांब गेलो ते दुधाच्या दुकानापर्यंत, आणि ते अंतर चारशे बारा पावलांचे आहे. पावले मोजण्याइतका वेळ हाताशी होता, म्हणून हा आकडा सांगता येतो.

सुरुवातीला दूध, भाजी आणि किराणा यांची एकच फेरी करावी असे आम्ही ठरवले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की मी दूध सकाळी आणतो, कोथिंबीर विसरतो, तिच्यासाठी तासाभराने पुन्हा जातो आणि परत येताना काडेपेटी राहिली असे मला आठवते. शेवटी सौभाग्यवतींनी विचारलेच, "अहो, एका पिशवीत मावणाऱ्या सामानाला तीन फेऱ्या कशाला?" मला उत्तर देता आले नाही. मला काडेपेटी नको होती, ती चारशे बारा पावले हवी होती. हे कबूल केल्यावर मी एकाच फेरीवर आलो, कारण दुकानदारालाही जीव आहे.

त्या एका फेरीत काय होते, ते इतरांना सांगू गेल्यास हास्यास्पद वाटेल. आमच्या वाटेवर एक कडुनिंब आहे. एप्रिलमध्ये त्याचा मोहर इतका झडायचा की सकाळी फाटकासमोरची जमीन साबुदाणा सांडल्यासारखी दिसत असे. पुढे एक काळे लोखंडी फाटक आहे, त्याच्या मागे एक पांढरी मांजर बसलेली असते. त्यानंतर एका शिंप्याची पाटी लागते. गेली अकरा वर्षे मी या वाटेने दुचाकीवरून सोलापूरच्या नवी पेठेत कामाला जातो, तरी कडुनिंबाखेरीज यातले काहीही मला माहीत नव्हते.

३ जूनपासून पहाटे पाच ते सायंकाळी सात या वेळेत चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांस परवानगी मिळाली आहे. समूहाने काही करण्यास मात्र मनाई आहे. परवा मी विजापूर रस्त्याने कंबर तलावापर्यंत गेलो. कागदोपत्री त्याचे नाव धर्मवीर संभाजी तलाव असे आहे, पण आपल्या तोंडी कंबर तलावच बसलेला आहे. काठावर जलपर्णी माजलेली होती आणि तिच्यावरून एक जांभळी पाणकोंबडी लांब बोटे टाकत, ओल्या फरशीवरून चालावे तशी जपून चालली होती. मी दहा मिनिटे तिच्याकडे पाहत उभा राहिलो. घरी आल्यावर दोन महिन्यांत प्रथमच दुपारी मला झोप लागली.

हा धागा एवढ्यासाठीच काढला आहे. या दिवसांत आपण कुठवर जाऊन आलात आणि त्याने मनाला काय झाले, ते लिहावे. प्रशासन चुकले की लोक चुकले, हा वाद दुसरीकडे चालू आहेच, तो कृपया तिकडेच राहू द्यावा.

दाजीपेठेतली | ७ जून २०२०, दुपारी २:३५

दादा, धागा वाचला आणि थोडा रागही आला, तो आधी सांगून टाकते. फेरीला जाणे ही ज्यांची हौस आहे त्यांच्याबद्दल आपण लिहिले आहे. शहराच्या पूर्व भागातल्या बायकांची एकमेव फेरी कामाची असते आणि ती बंद पडली, त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

माझी अम्मा गेली छत्तीस वर्षे विड्या वळते. घरी पाने भिजवायची, कातरीने कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, बंडले बांधायची आणि सकाळी पिशवीत भरून कारखान्यात जमा करायची. तिथे छाट निघते, म्हणजे काही विड्या नाकारल्या जातात, त्यावरून वाद होतो, मग उद्यासाठी पाने, तंबाखू आणि सूत घेऊन परत यायचे. घर ते कारखाना हे अंतर पंधरा मिनिटांचे आहे. त्या पंधरा मिनिटांत चार मैत्रिणी वाटेत मिळतात आणि सगळ्या जणी तेलुगूत एकाच वेळी बोलत चालतात. लहानपणी मला वाटत असे की अम्मा काम करायला जाते. आता कळते की कामाचे बसणे घरात होते आणि कारखान्याला जाणे हा तिचा विसावा होता.

कारखाने बंद झाले तेव्हा मजुरी थांबली. तो भाग मोठा आहे, पण या धाग्याचा विषय तो नाही. मला दिसले ते असे. मे महिन्यात रोज सकाळी दहाच्या सुमारास अम्मा केस विंचरायची, धुतलेले पातळ नेसायची आणि कोपऱ्यातली रिकामी पिशवी हातात घेऊन उंबऱ्यावर उभी राहायची. मी विचारले की सांगायची, "काही नाही, बघते." पाच मिनिटे उभी राहून पिशवी पुन्हा खिळ्याला लावायची.

परवा ४ तारखेला मी तिला म्हणाले, चल, तुझ्या कारखान्यापर्यंत जाऊन येऊ. ती पिशवी घेऊनच निघाली. मी काही बोलले नाही. कारखान्याच्या फाटकाला कुलूप होते. तिने ते हातात घेऊन जरा ओढून पाहिले, जसे आपण गावाला जाताना स्वतःच्या दाराचे पाहतो, आणि "नीट लावलंय," असे म्हणून वळली. येताना तिने वाटेतल्या दोन मैत्रिणींना रस्त्यावरूनच हाका मारल्या. त्या खिडकीत आल्या. तिघी जणी लांबून बोलल्या, आणि त्या रात्री अम्मा व्यवस्थित जेवली.

साखरपेठ | ७ जून २०२०, रात्री ९:५०

आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकलेले आहेत, त्यामुळे पाचपासून सातपर्यंतची परवानगी आमच्यासाठी नाही. आमचे घर दोन खोल्यांचे असून माणसे सात आहेत. रात्री जेवल्यानंतर मी गल्लीच्या या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत चालतो. एका पत्र्याला खिळ्याचे एक भोक आहे. त्यातून पलीकडचा रस्ता, एक बंद पानपट्टी आणि बसलेला पोलीस एवढेच दिसते. दर फेरीला मी तिथे डोळा लावतो. काल त्या पोलिसाने पलीकडून विचारले, "झाल्या का वीस?" तो माझ्या फेऱ्या मोजत होता.

गिरणीचा भोंगा | ८ जून २०२०, पहाटे ५:२०

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. चालण्यास परवानगी आहे हे वाचून मला आनंद झाला, आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी घरातच राहावे हे पुढचे वाक्य वाचून तो मावळला. सूनबाईंनी ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. तिचे चुकत नाही. मला मधुमेह आहे आणि दम्याचाही थोडा त्रास आहे.

तरीही माझी एक फेरी आहे. पहाटे साडेचारला, रस्त्यावर कुत्रेही जागे नसते तेव्हा, मी घरापासून बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत येतो. ही वेळ मी मुद्दाम निवडलेली नाही, ती हाडांतच आहे. गिरणीच्या पहिल्या पाळीला निघण्याची ती वेळ होती. भोंगा झाला की आख्खी पेठ डबे घेऊन रस्त्यावर येत असे आणि इतक्या चपला एकदम वाजत की बोलणे ऐकू येत नसे. गिरण्या बंद पडून पंचवीस वर्षे होत आली. आता पहाटे बोळात माझ्या एकट्याच्या चपला वाजतात आणि मला त्या फार मोठ्याने वाजतात असे वाटते. कोणी उठेल म्हणून मी अनवाणी चालू लागलो.

संचारबंदी हा शब्द आमच्या घरात जुना आहे. १९३० साली मे-जूनमध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता, त्या वेळी माझे वडील बारा वर्षांचे होते. गांधी टोपी घालून बाहेर पडणे हासुद्धा तेव्हा गुन्हा होता. त्यांची आई त्यांना घराबाहेर सोडत नसे, पण त्यांना गिरणीत आजोबांचा डबा पोचवायचा असे, म्हणून तेवढी एक फेरी त्यांना मिळे. त्या दिवसांबद्दल विचारले की वडील गोळीबाराविषयी फारसे बोलत नसत. डबा कोणत्या बोळातून नेला, कुठे वळलो, कोणत्या ओट्यावर श्वास घ्यायला बसलो, हेच ते रंगवून सांगत. मला तेव्हा त्याचे आश्चर्य वाटे. पुढे त्याच प्रकरणात आपल्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली आणि मुलगा मात्र बोळ आठवतो आहे. आता मीही बोळच आठवणार, असे दिसते.

ताई, तुमच्या अम्मांना माझा नमस्कार सांगा. कुलूप ओढून पाहणे मला समजले. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद झाल्यावर आम्ही काही जण तसेच फाटकापर्यंत जात होतो.

रात्रपाळी | ८ जून २०२०, सकाळी ११:०५

मी परिचारिका आहे. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. रात्रपाळी संपवून आल्यावर हे सगळे वाचले, मन भरून आले आणि काळजीही वाटली, म्हणून झोपण्यापूर्वी लिहिते.

आपल्या शहरात पहिला रुग्ण १२ एप्रिलला आढळला. तोपर्यंत सोलापूर सुटले असे म्हणणारे कितीतरी लोक मला भेटले होते. त्यानंतर काय झाले ते आम्ही आतून पाहत आहोत. म्हणून माझी विनंती अशी की चालायला अवश्य जा, पण एकट्याने किंवा घरच्याच माणसाबरोबर जा, मास्क नाकावर ठेवा आणि ओळखीचे कोणी भेटले तर हात वर करून पुढे निघा. उघड्यावर चालण्यापेक्षा चालून झाल्यावर कट्ट्यावर जमून बोलत बसण्यात धोका अधिक आहे. काल सकाळी पाळी संपवून येताना मी विजापूर रस्त्यावर सहा गृहस्थ एका मोटारीभोवती मास्क हनुवटीवर ओढून हसताना पाहिले. मी थांबून बोलणार होते, पण अंगात त्राण नव्हते.

माझी स्वतःची फेरीही सांगते. त्या संरक्षक पोशाखात सहा तास काढल्यावर तो उतरवून हातपाय धुतले की हातमोज्यांत बोटे अशी पांढरी पडलेली असतात, जणू दिवसभर कपडेच धूत होते. मग इमारतीच्या मागे एक कडुनिंब आहे, त्याच्याभोवती मी दहा वेळा फिरते. तिथे कोणी येत नाही. मी काही विचार करत नाही आणि प्रार्थनाही करत नाही. फक्त तोंडावर वारा लागतो, आणि सहा तासांत तो लागलेला नसतो.

काका, तुमची पहाटेची फेरी चालू ठेवा, मात्र अनवाणी चालू नका. मधुमेह आहे, पायाला जखम झाली तर ती कळणारही नाही.

जुळेसोलापूरकर | ८ जून २०२०, सायंकाळी ७:४०

दाजीपेठेतल्या ताई, राग योग्यच आहे. फेरी ही हौस असते, असे मला म्हणायचे नव्हते, पण माझ्या लिहिण्यातून तसेच दिसते. दुधाच्या पिशवीवाचून मला बाहेर पडताना अपराधी वाटत होते आणि अम्मांना रिकाम्या पिशवीवाचून निघवले नाही. निमित्त नसताना बाहेर पडण्याची आपल्याला सवयच नाही, हे मात्र दोघांच्या बाबतीत सारखे असावे.

सिस्टर, त्या सहा जणांत मी नव्हतो, पण परवा तलावाच्या कठड्याशी तीन परिचित भेटले तेव्हा मीही दहा-बारा मिनिटे थांबलो होतो. यापुढे थांबणार नाही.

गिरणीचा भोंगा | ९ जून २०२०, पहाटे ५:०५

कापडी बूट बाहेर काढले आहेत. वाजत नाहीत.

छतावरचा वारकरी | १ जुलै २०२०, रात्री ८:१५

आज आषाढी एकादशी. गेली एकोणीस वर्षे मी सोलापुरातून पंढरपूरला पायी जातो. यंदा पालख्यांची पायवारीच झाली नाही. संतांच्या पादुका काल एसटीच्या बसमधून पंढरीला नेण्यात आल्या. ते दूरचित्रवाणीवर पाहताना आमच्या घरात कोणीही बोलले नाही.

आपल्या गावापासून पंढरपूर साधारण बहात्तर किलोमीटर धरू. आमच्या गच्चीची एक फेरी तीस मीटर भरते, ती मी नातवाच्या टेपने मोजली. मग हिशेब मांडला. रोज दोनशे फेऱ्या म्हणजे सहा किलोमीटर, आणि बारा दिवसांत बहात्तर. २० जूनला पहाटे माळ घातली, पताका खांद्यावर घेतली आणि पाण्याच्या टाकीपासून निघालो.

दोनशेचा हिशेब तोंडी राहत नाही. अभंग म्हणताना तर मुळीच राहत नाही. म्हणून कठड्यावर वीस शेंगदाणे मांडले आणि दर दहा फेऱ्यांनी एक इकडून तिकडे सरकवायचा असे ठरवले. चौथ्या दिवशी एकशे चाळीसच्या आसपास पाहतो तर शेंगदाणे सहाच उरलेले. खारीने दोन्हीकडचे नेले होते. किती झाल्या आणि किती राहिल्या ते कळेना, तेव्हा त्या दिवशी पहिल्यापासून दोनशे घातल्या. दुसऱ्या दिवशी खडे मांडले आणि खारीसाठी बाजूला मूठभर दाणे ठेवले. वारीत अन्नदान होते, ते तेवढेच झाले.

खोटे कशाला बोलू, पहिले तीन दिवस हे मला पोरकट वाटत होते. वारी म्हणजे लोक. दिंडी नाही, पुढच्याची पाठ दिसत नाही, रात्री कोणाच्या अंगणात पाठ टेकायची नाही, मग ही कसली वारी. पण सातव्या-आठव्या दिवसापासून पाय आपोआप वेळेवर उठू लागले. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या वहिनी "माउली, आज कुठपर्यंत आलात?" असे विचारू लागल्या. मी म्हणत असे, अजून चोवीस किलोमीटर आहे. परवा त्यांनी कठड्यावरून भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली, मुक्कामाची म्हणून. आज दोनशेवी फेरी झाल्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलो. समोर टाक्या, तारा आणि ढग होते. तेथूनच हात जोडले.

साखरपेठ | १ जुलै २०२०, रात्री ९:००

माउली, रामकृष्णहरी. आमचे पत्रे निघाले. पोलीसदादांना सांगायचे राहून गेले.

जुळेसोलापूरकर | १७ जुलै २०२०, सकाळी ९:३०

काल रात्रीपासून शहरात आणि आसपासच्या गावांत पुन्हा कडक टाळेबंदी आहे, २६ तारखेपर्यंत. तलाव बंद, रस्ता बंद. दुसऱ्यांदा बंद होणे पहिल्यापेक्षा जड जाते, असा माझा अनुभव आहे. मार्चमध्ये काय गमावतो आहोत हे माहीत नव्हते. माउलींच्या वाटेने जावे म्हणून मी गच्चीवर गेलो, पण आमची गच्ची सामायिक आहे आणि तिथे आधीच अकरा माणसे गोल फिरत होती. मी उतरून आलो.

अडुसष्टपैकी | ९ ऑगस्ट २०२०, सायंकाळी ६:२०

या धाग्यावर वाचतच होतो, आज लिहितो. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापन केली, हे सोलापूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. श्रावणात त्यांची पायी प्रदक्षिणा करणारे भाविक आहेत. मी त्यांतला नाही, दरवर्षी पुढल्या वर्षी म्हणत आलो.

२६ जुलैनंतर मी रोज सकाळी एका लिंगापर्यंत जाऊन यायचे ठरवले. सगळी मंदिरे बंद आहेत, त्यामुळे दर्शन कुलपाबाहेरूनच होते. काही लिंगे मोठ्या देवळात आहेत, काहींना केवढीशी घुमटी आहे, एक तर मला दोन दिवस सापडलेच नाही. विचारायचे कोणाला, रस्त्यावर माणूस नव्हता. शेवटी एका घराच्या खिडकीतून आजींनी हाताने खूण केली आणि पाहतो तर मी त्याच्यासमोरच उभा होतो. मी बेचाळीस वर्षे या गावात राहतो. जे गाव मला पाठ आहे असे वाटत होते, ते प्रत्यक्षात स्टेशन, ऑफिस, भाजी मंडई आणि सासुरवाडी एवढेच होते.

आजपर्यंत तेरा झाली. भक्तीचे म्हणाल तर ती थोडीफार वाढली असेल, पण त्याहून अधिक समाधान याचे आहे की रात्री झोपताना उद्या कुठे जायचे आहे ते माहीत असते. मार्चपासून उद्या नावाची वस्तूच उरली नव्हती.

सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. परवा भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून आलो. १९३८ साली जखमींची सेवा करायला चीनला गेलेला हा सोलापूरचा डॉक्टर १९४२ मध्ये तिकडेच वारला, तेव्हा त्याचे वय बत्तीस होते. फाटक बंद होते. सिस्टर, तिथे तुमची आठवण झाली.

रात्रपाळी | १० ऑगस्ट २०२०, दुपारी १:१५

मी बत्तीसचीच आहे, पण मला परत यायचे आहे. रोज येतेही. अडुसष्ट पूर्ण करा.

छतावरचा वारकरी | २१ डिसेंबर २०२०, सायंकाळी ७:३०

धागा वर आणतो, कारण आज बाहेर पडायचेही कारण नाही, फक्त गच्चीवर जायचे आहे. नैर्ऋत्येला गुरू आणि शनी इतके जवळ आले आहेत की साध्या डोळ्यांनी एकच तारा वाटतो. नातवाने दाखवले. लवकर जा, ते मावळतील.

अडुसष्टपैकी | १५ जानेवारी २०२१, रात्री १०:००

यंदा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतली जत्रा, भरला नाही. संक्रांतीला पाळणे नाहीत, भाग्यश्री बटाटेवड्यासारखी दुकाने नाहीत, धूळ नाही, हरवलेल्या मुलांच्या घोषणा नाहीत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सारे गाव लोटते, तेही नाही. दिवाळीच्या पाडव्याला मंदिरे उघडल्यानंतर मी उरलेली लिंगे आतून पाहिली. एकूण अडुसष्ट झाली. आज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने किल्ल्याच्या बाजूला एकटाच चाललो. इतक्या शांततेत यात्रेचे दिवस जावेत हे मला मुळीच आवडले नाही.

जुळेसोलापूरकर | ११ मे २०२१, सकाळी १०:४५

बरेच दिवस लिहिले नाही, त्याचे कारण सांगतो. २२ एप्रिलला माझी तपासणी बाधित आली. घरीच विलगीकरणात राहिलो. आता बरा आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहितो. घरी असलेल्या रुग्णाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी करावी, असे राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितले आहे. ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा पाहायचा, नंतर सपाट फरशीवर नेहमीच्या चालीने सहा मिनिटे चालायचे आणि पुन्हा पाहायचा. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा अधिकने घसरला किंवा दम लागला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठायचे. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी चालते.

माझ्या खोलीत कपाटापासून खिडकीपर्यंत अकरा पावले आहेत. मुलगा दाराबाहेर फोनवर वेळ लावून उभा राहायचा आणि ओरडायचा, "बाबा, अजून दोन मिनिटं." पहिल्या दिवशी त्या अकरा पावलांतच मला घेरी आली. आजारापेक्षा आकड्याच्या भीतीने आली असावी. दुसऱ्या दिवशी मी डोळे अर्धे मिटून दुधाची वाट चालू लागलो. फाटक, कडुनिंब, काळे फाटक, मांजर, शिंप्याची पाटी. एप्रिलच होता, तेव्हा मोहर झडत असणार हे माहीत होते. चारशे बारा झाली की मनातच पिशवी घेऊन परतीला लागायचो आणि साधारण शिंप्याच्या पाटीशी मुलगा म्हणायचा, "झालं." सहाव्या दिवशी आकडा ९६ वरून ९४ वर आला. त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. सातव्या दिवशीही तो ९४ च राहिला, आणि मग हळूहळू वर गेला.

आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गेले. गच्चीवर गोल फिरणाऱ्या अकरा जणांत ते होते. त्या दिवशी त्यांना पाहून मी जिना उतरलो होतो.

काल बऱ्याच दिवसांनी दुकानापर्यंत गेलो. वाटेत दोनदा बसावे लागले. कडुनिंबाला आता कोवळ्या निंबोळ्या आहेत.

रात्रपाळी | ११ मे २०२१, रात्री ११:३०

वाचून बरे वाटले. दोन वेळा बसलात हे योग्य केले, आठवडाभर तेवढेच करा आणि चढाचा रस्ता टाळा. सध्या मला कडुनिंबाकडे जायला जमत नाही. दहा फेऱ्यांचाही वेळ नसतो. पाळी संपली की जिथे जागा मिळेल तिथे पाठ टेकते.

गिरणीचा भोंगा | १२ मे २०२१, पहाटे ४:५०

सिस्टर, तुमच्या वाट्याच्या दहा फेऱ्या आजपासून मी आमच्या बोळात घालतो. बूट घालून.

गिरणीचा भोंगा | ११ जून २०२१, पहाटे ५:१०

निर्बंध सैल झाले आहेत आणि माझ्या लसीच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत. सूनबाईंनी दारावरचा कागद काल स्वतःच काढला. एक वर्षापासून आपण एकमेकांच्या चपलांचे आवाजसुद्धा ओळखतो, पण तोंडे पाहिलेली नाहीत. रविवारी सकाळी साडेपाचला मी नातवाबरोबर कंबर तलावावर येत आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावे, हातभर नव्हे, चांगले दोन हात अंतर ठेवून चालू, कट्ट्यावर बसायचे नाही. मास्कमध्ये ओळख पटणार नाही म्हणून माझ्या हातात पांढरी छत्री असेल.

छतावरचा वारकरी | ११ जून २०२१, सकाळी ७:००

येतो. शेंगदाणे आणतो.

रात्रपाळी | ११ जून २०२१, दुपारी १२:२०

रविवारी माझी पाळी सकाळी सहाला संपते. साडेसहापर्यंत थांबलात तर येईन, पण बोलेन असे नाही.

साखरपेठ | ११ जून २०२१, दुपारी ३:४५

मी येतो. आमच्या पत्र्यापलीकडचे ते पोलीसदादा मागच्या महिन्यात बाजारात भेटले. त्यांनीच मला ओळखले, "वीसवाले" म्हणून. त्यांनाही विचारतो.

दाजीपेठेतली | ११ जून २०२१, रात्री ८:५५

मी येते. जुळेसोलापूरकर दादा, आपण रिक्षाने या, चालत येऊ नका. अम्माला विचारले. ती म्हणाली, मला जमायचं नाही, कारखाना सुरू झालाय आणि कालच्या पाचशे विड्या वळायच्या राहिल्यात.